आतून उघडणारं दार

परवा कर्वेनगरातल्या एका कार्यालयात पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते. कपडे बदलायच्या खोलीत शिरले, दार लावलं, लगेच आतून उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. पुतणी आरशातून माझ्याकडे बघत होती. "काकू, काय चाललंय?" तिनं विचारलं. "काही नाही गं, उघडतंय का बघितलं," मी म्हणाले. तिला ते चमत्कारिक वाटलं असणार. मुजावरसाहेब भेटायच्या आधी मलाही वाटलं असतं.

मुजावरसाहेब म्हणजे मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात भित्रे गृहस्थ. टिंगल म्हणून हे लिहीत नाही, त्यांच्यासमोरही मी ते म्हणाले असते आणि त्यांनी मान डोलावली असती. आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत ते देखभाल विभागाचे प्रमुख होते. वीज, पाणी, लिफ्ट, जनरेटर, एसी, सगळं त्यांच्याकडे. मी प्रशासन विभागात, यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलेली. मी इथल्या लोकांच्या बोलण्याला घाबरायचे, ते बाकी सगळ्याला घाबरायचे. आमचं जमलं ते त्यामुळे असावं.

उंच, किडकिडीत माणूस. फिक्या रंगाचा कडक इस्त्रीचा शर्ट. तळहाताला कायम घाम, म्हणून खिशात दोन रुमाल, पांढरा चेहऱ्यासाठी आणि पट्ट्यांचा हातांसाठी. ते येण्याच्या आधी त्यांच्या अत्तराचा मंद वास यायचा. रविवार पेठेत त्यांच्या घराण्याचं अत्तराचं दुकान होतं, ते भाऊ चालवायचा. कितीतरी पिढ्या पुण्यात काढलेलं घर ते. साहेबांचं मराठी इतकं स्वच्छ की पत्र लिहिताना एखादा शब्द अडला तर आमचे प्रशासन व्यवस्थापक आगाशेसाहेब त्यांनाच विचारायचे. तेही असे विचारायचे की जणू परीक्षाच घेतायत.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात ते माझ्या खोलीतला दिवा बघायला आले. आत आले, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं आणि मग म्हणाले, "नमस्कार. मी मुजावर." मला वाटलं कडी बिघडली असेल. नंतर कळलं की ते कुठल्याही खोलीत असेच शिरतात. बाथरूमची कडी ते कधीच लावत नसत. पट्ट्यांचा रुमाल बाहेरच्या मुठीला लटकवून आत जात. अख्ख्या मजल्याला ती खूण पाठ झाली होती. आगाशे जाता जाता म्हणायचे, "झेंडा लागलाय. साहेब विराजमान आहेत."

लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे, पण ते स्वतः जिन्यानं जायचे. मी एकदा विचारलं, "लिफ्ट चांगली नाही का, साहेब?"

"उत्तम आहे," ते म्हणाले. "मीच बघतो ना. म्हणून तर जिन्यानं जातो."

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठलंही काम सुरू करताना, कुणी हसलं तरी, ते गंभीरपणे म्हणायचे, "आत्ताच घाबरून घ्या. नंतर वेळ मिळत नाही."

बँकेच्या सगळ्या संगणकांचा कारभार एका नव्या खोलीत हलवायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या घाबरण्याला खरं काम मिळालं. तळमजल्यावरची जुनी व्हाउचरं ठेवायची खोली त्यासाठी निवडली होती. तिथं जे यंत्र बसणार होतं ते आपल्या घरच्या एसीसारखं नुसतं गार करणारं नव्हतं. खोलीतली उष्णता आणि हवेतला दमटपणा दोन्ही ते ठरलेल्या रेषेवर धरून ठेवणार, पावसाळा असो की एप्रिल. अट एकच होती, बाहेरची हवा आत येता कामा नये. एवढीशी फट राहिली तरी यंत्र दिवसरात्र त्या फटीशी भांडत बसतं, असं यंत्राच्या कंपनीची इंजिनिअर सोनल आम्हाला सांगायची. सोनल हुशार, चटपटीत, तोंडात अर्धं इंग्रजी. "सर, रूम परफेक्ट सील झाली ना, की मग मशीन एकदम मख्खन चालतं," ती म्हणायची.

तर ती खोली घट्ट करायचं काम मुजावरसाहेबांवर आलं. ज्या माणसाला बाथरूमची कडी लावायची भीती वाटायची त्याच्यावर.

त्यांनी ते मन लावून केलं. खिडक्या विटांनी बुजवल्या, भिंतींना गिलावा करून दमट हवा झिरपू न देणारा रंग दिला, छताच्या कडा भरल्या. यंत्रातून ठिबकणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला त्यांनी खाली वाक दिला. त्या वाकात कायम पाणी साचून राहतं, त्यामुळे पाणी बाहेर जातं पण हवा आत येत नाही. जागेचा ताबा माझ्या विभागाकडे असल्यामुळे मला वरचेवर खाली जावं लागायचं. दर वेळी खोली जरा अधिक घट्ट झालेली असायची आणि मुजावरसाहेब जरा अधिक गप्प.

कारण त्या खोलीत आणखी एक गोष्ट बसणार होती. आग लागली तर संगणकांवर पाणी मारता येत नाही, म्हणून गॅस सोडतात. आमच्या जुन्या कचेरीत कार्बन डायऑक्साइडचे मोठे लाल सिलिंडर होते, तेच उचलून इथं लावायचं ठरलं होतं. साहेबांनी परोपरीनं सांगितलं की हे बदला, आता माणसाला न मारणारे गॅस मिळतात. उत्तर आलं, "पुढच्या वर्षी बघू."

"म्हणजे नक्की काय होतं हो त्या गॅसनं?" मी विचारलं.

"आग गुदमरते," ते म्हणाले. "आग ज्या हवेवर जगते त्याच हवेवर आपण जगतो, मॅडम. खोली गळकी असेल तर थोडी हवा कुठून तरी येईल. मी ती गळती बंद करतोय. जेवढी चांगली बंद करीन तेवढी..." त्यांनी हात पुसले.

त्या दिवसापासून मलाही त्या खोलीची भीती बसली. रंगाचा वास असलेल्या त्या पांढऱ्या भिंतींमध्ये उभं राहिलं की श्वास आपसूक मोजूनमापून घेतला जायचा. हसण्यासारखं होतं, दार तर अजून बसलंही नव्हतं.

त्याच अर्धवट खोलीत एकदा डबे खाताना त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्याकडून एकदाच ऐकली. तरुणपणी ते लोणी काळभोरच्या बाजूला एका शीतगृहात नोकरीला होते. एका दुपारी आतला दिवा बघायला गेले आणि मागे दार लागलं. आतल्या बाजूची मूठ तुटलेली होती. बाहेर सगळे जण चहा घेत होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दारावर हात आपटले, लाथा मारल्या, ओरडले.

"ती दारं जाड असतात. आतून मारलेली हाक बाहेर जातच नाही," ते म्हणाले. "आधी माणूस ओरडतो. मग हळू बोलायला लागतो. जणू दाराला समजावून सांगतोय. मी दाराला 'अहो' म्हणत होतो, मॅडम."

कुणीतरी योगायोगानं फळांची पेटी काढायला आलं आणि दार उघडलं. समोर निळे पडलेले मुजावर. तो माणूस म्हणाला, "अरेच्चा, तुम्ही आत होता होय?"

"एवढंच म्हणाला. आणि पेटी घेऊन गेला," साहेब म्हणाले आणि पोळीचा तुकडा भाजीत बुडवला.

म्हणून दारावरून त्यांचं आणि आगाशेसाहेबांचं वाजलं. बोळ अरुंद, म्हणून सुतारानं दार आत उघडणारं बसवलं. मुजावरसाहेबांनी ते त्याच दिवशी उतरवायला लावलं. दार बाहेर उघडणारंच हवं, आत आडवी दांडी हवी, अंगानं रेटलं तरी उघडेल अशी, वर काचेची खिडकी हवी, आणि चुंबकाचं कुलूप धोक्याची घंटा वाजताच सुटायला हवं.

"मुजावर," आगाशे म्हणाले, "मशीनला हवाबंद खोली हवी हे तुम्हीच सांगता, आणि ती हवाबंद व्हायला लागली की तुम्हीच रडता. दोन्हींतलं एक काय ते ठरवून कळवा. घाई नाही, मी निवृत्त होईपर्यंत कळवलंत तरी चालेल."

"खोली बंद असू द्या साहेब. माणूस बंद नको," मुजावर म्हणाले. आवाज कापत होता, पण दार बदललं. एका गोष्टीत मात्र ते हरले. गॅस सुटण्याआधी थोडा वेळ घंटा वाजते आणि समोरच्या पाटीवर आकडे उलटे पडत जातात. तेवढ्यात एक बटण दाबून धरलं तर आकडे थांबतात. सोडलं की पुन्हा पडायला लागतात. ते बटण खोलीच्या आत दाराशेजारी होतं. एकदा आकडे सुरू झाले की बाहेरच्या पेटीतली किल्ली एकटी काही करू शकत नाही. आधी कुणीतरी आत बटण दाबून धरायचं, मग दुसऱ्यानं बाहेर किल्ली फिरवायची. साहेबांना बटण बाहेरही हवं होतं. तेही पुढच्या वर्षावर गेलं.

खोलीची शेवटची परीक्षा त्यांनी उदबत्तीनं केली. सिलिंडर अजून जोडलेले नव्हते. दार तात्पुरतं काढून त्या जागी प्लास्टिकचा पडदा ताणला, पडद्यात पंखा बसवला. पंखा आतली हवा बाहेर फेकणार, आणि जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसणार. पडद्याला ते घाबरत नव्हते, खिशात ब्लेड ठेवलं होतं. भावाच्या दुकानातली, वास कमी आणि धूर जास्त अशी उदबत्ती पेटवून ते भिंतीला लागून हळूहळू चालू लागले. मी विजेरी धरली होती. आमचा शिपाई शिवाजी लोणीकडचाच, तो बाहेरून वाकून बघत होता.

"साहेब, मशीन अजून यायची हाय," तो म्हणाला, "आन् तुमची पूजा सुरू बी झाली?"

"तिच्या आधी घर शुद्ध नको का?" साहेब म्हणाले. धुरावरची नजर हलली नाही.

धूर सरळ वर जायचा, आणि एखाद्या ठिकाणी अचानक कुणी फुंकर मारल्यासारखा आडवा व्हायचा. तिथं फट. वायरींच्या नळीपाशी एक सापडली, छताच्या कोपऱ्यात दुसरी. प्रत्येक फट बुजवली की ते पुन्हा उदबत्ती धरायचे. शेवटी संपूर्ण खोलीभर धूर कुठेही वाकला नाही. सरळ छताला जाऊन टेकला. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र पडद्याकडे धाव घ्यावीशी वाटली.

"झाली खोली," साहेब म्हणाले. कपाळावर घाम डवरला होता. "मशीनला याहून चांगली खोली पुण्यात मिळणार नाही. आता आपण बाहेर जाऊ. आणि मॅडम, सिलिंडर जोडले की या खोलीत परत उदबत्ती नाही."

पण आपल्याकडे यंत्र आलं म्हणजे पूजा आलीच. उद्घाटनाला बँकेचे अध्यक्ष सपत्नीक येणार, नारळ वाढवणार, आरती होणार, असं परस्पर ठरलं. ठरलं ते कळल्यावर मुजावरसाहेब माझ्या खोलीत आले. त्या दिवशी त्यांनी दार उघडून पाहिलं नाही. सरळ खुर्चीत बसले.

"मॅडम, आत कापूर पेटवायचा नाही, हे कुणीतरी सांगायला पाहिजे."

"मग सांगा ना. तुमच्या खात्याचं काम आहे."

"मी सांगू? आरती करू नका, असं? माझं नाव काय आहे, मॅडम?"

मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ते लिफ्टला, कडीला, वायरीला घाबरताना मी पाहिलं होतं. या भीतीला तोंडच नव्हतं, त्यामुळे ती मला दिसली नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली. मी आगाशेंकडे गेले आणि सांगितलं. आगाशेंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे आपलं म्हणणं की मुजावरांचं?"

"दोघांचं," मी म्हणाले.

"बरं. उंबरठ्यावर करू. देव काही खोलीचं माप घेऊन येत नाही." आगाशे वाकडं बोलायचे, पण माणूस वाकडा नव्हता. तरी बाहेर कुणीतरी म्हणालंच, "आता पूजा कुठे करायची तेही हेच सांगणार." म्हणणाऱ्यानं आवाज खाली आणला होता, पण साहेब जिन्यात होते आणि त्यांनी ते ऐकलं. मी पाहिलं, ते वर न जाता तिथंच कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले.

उद्घाटनाच्या दिवशी बोळात रांगोळी, पाटावर नारळ, आणि आत यंत्र गुरगुरत होतं. खोलीत माणसं ये-जा करणार म्हणून साहेबांनी सकाळीच पेटीतली किल्ली फिरवून गॅस बंद ठेवला होता. त्यामुळे पेटीवर पिवळा दिवा लागलेला होता. बाकी सगळे हिरवे.

अध्यक्ष आले, हसतमुख माणूस. फोटोसाठी उभे राहिले आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो, हा एक पिवळा का? उद्घाटनाच्या फोटोत काहीतरी बिघडल्यासारखं दिसेल. सगळं हिरवं होऊ द्या."

सगळ्यांनी मुजावरसाहेबांकडे पाहिलं. मी त्यांच्याजवळच होते. एरवी ते म्हणाले असते की साहेब, पिवळा दिवा म्हणजे माणसं सुरक्षित. ते इतकंच म्हणाले, "आरती बाहेरच होणार आहे ना?" "हो हो," कुणीतरी म्हणालं. साहेबांनी हात पुसले, किल्ली फिरवली, काढून पँटच्या खिशात ठेवली. दिवा हिरवा झाला. फोटो निघाला.

उंबरठ्यावर आरती झाली. निरांजन, धूप, कापूर, सगळं नीट बोळात. माझा जीव भांड्यात पडत होता तोच अध्यक्षांच्या पत्नी ताम्हण उचलून म्हणाल्या, "अगं बाई, ज्याची पूजा त्यालाच ओवाळलं नाही!" आणि दांडीच्या दारातून सरळ आत गेल्या. त्यांच्यामागे आगाशे गेले, धुपाटणं घेऊन शिवाजी गेला, आणि त्यांना परत बोलवायला मी. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. यंत्र नवं आहे, त्याला ओवाळायचं, एवढंच. आमच्यापैकी कुणाच्याही घरी असंच झालं असतं.

साहेब बोळात मागे होते. "आत नको! बाई, आत नको!" त्यांचा आवाज मी ऐकला, पण आमच्या मागे दार आपोआप लागलं आणि तो आवाज तुटला. खोली इतकी उत्तम बंद झालेली होती.

कापराचा धूर आता वर गेला नाही. यंत्रानं तो ओढून घेतला आणि छताजवळच्या, धूर टिपणाऱ्या डब्यांकडे सोडला. एक लाल झाला. बाईंनी ताम्हण दुसऱ्यांदा फिरवलं. दुसराही लाल झाला.

मग घंटा. इतक्या छोट्या खोलीत ती घंटा कानात नाही, छातीत वाजते. पाटीवर आकडे पडायला लागले. बाई ताम्हण धरून तशाच उभ्या राहिल्या, त्यांना तो आवाज समारंभाचाच वाटला की काय कोण जाणे. शिवाजी ओरडला, "काय हाय हे? काय हाय?" मला सगळं ठाऊक होतं आणि माझे पाय हलेनात. शीतगृहाची गोष्ट डोळ्यांपुढे आली, दाराला 'अहो' म्हणणारा माणूस. मी आता इथं मरणार, एवढा एकच विचार होता. तो अगदी स्पष्ट होता.

दार उघडलं. मुजावरसाहेब आत आले. जो माणूस आयुष्यभर बंद खोलीपासून पळाला तो त्या खोलीत आला. उजव्या हातानं त्यांनी बटण दाबलं, डावा हात लांबवून दार उघडं धरलं. आकडे थांबले. ते असे पसरून उभे होते. "चला," ते म्हणाले. "सगळे बाहेर. माझ्या हाताखालून. चला, चला."

बाई त्यांच्या हाताखालून वाकून गेल्या, कुंकू सांडलं. आगाशे गेले, शिवाजी गेला, मी गेले. बोळात आल्यावर मी भिंतीला टेकले. सोनल पेटीशी उभी होती, चेहरा पांढरा. "की कुठंय? सर, की! रिसेट करायला की पाहिजे!"

किल्ली साहेबांच्या खिशात होती. आणि पाटीवर एकच आकडा उरला होता, बटण सोडून बाहेर पडेपर्यंत गॅस सुटला असता.

एक हात बटणावर, एक दारावर. दार सोडलं असतं तर त्या हातानं किल्ली काढता आली असती. बोळातून तीनचार जण ओरडत होते, "दार सोडा, किल्ली टाका!" त्यांना ते ऐकू येत होतं. दाराकडे बघून त्यांनी मान हलवली. तो हात सुटतच नव्हता. मी दार धरते म्हटलं असतं तरी त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर ते सोडलं नसतं, हे मला माहीत होतं.

"राऊत मॅडम," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, समजावून सांगितल्यासारखा. "डावा खिसा. आत यावं लागेल. अंगठा घामानं निसटतोय."

मी गेले. शूर वगैरे काही नव्हते, त्या आवाजानं गेले. त्यांच्या हाताखालून पुन्हा त्या खोलीत शिरले, खिशात हात घातला. आधी पट्ट्यांचा रुमाल हाताला लागला, मग ब्लेडचं पाकीट, मग किल्ली. त्या माणसाचं सगळं शरीर गदगदा हलत होतं, फक्त अंगठा हलत नव्हता. मी किल्ली बाहेर फेकली. सोनलनं ती पेटीत घातली, फिरवली. घंटा थांबली.

नंतरची शांतता मला अजून भिववते. साहेबांचा अंगठा बटणावरून काढायला आगाशे स्वतः आत गेले. "झालं, मुजावर. झालं आता. सोडा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तिरकस नसलेलं वाक्य मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

पुढच्या वर्षीची सगळी कामं पुढच्या महिन्यातच झाली. लाल सिलिंडर गेले, माणसाला न मारणारा गॅस आला, बटण बाहेरही बसलं. बँकेनं साहेबांचा सत्कार ठरवला. त्यांनी नको म्हणून सांगितलं. मी रागावले. एवढं केलंत तुम्ही, मी म्हणाले.

"किल्ली मीच फिरवली होती ना," ते म्हणाले. "मॅडम, आयुष्यभर मी घाबरत आलो, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी मी चुकीच्या गोष्टीला घाबरलो. एका फोटोला. लोक काय म्हणतील त्याला." त्यांनी हात पुसले. "तुम्ही सगळे आत होता."

मी त्यांना खूप सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यांना ते पटलं नाही.

त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत. काचेतून बघायचे आणि परतायचे. निवृत्तीच्या दिवशी, हारतुरे झाल्यावर, ते माझ्याकडे आले. मुलीकडे वाघोलीला राहायला जाणार होते, सामान आधीच गेलं होतं. "जरा खाली येता का? मला एकदा त्या खोलीत उभं राहायचंय. दार लावून. कुणी धरून न ठेवता."

"कशाला, साहेब?"

"बघतो जमतं का."

आम्ही जिन्यानं खाली गेलो. त्यांनी दार उघडलं, आत गेले, आणि ते आपल्या मागे लागू दिलं. मी बाहेर. काचेतून दिसत होते, खोलीच्या मध्यावर, डोळे मिटून, दोन्ही हात मोकळे. यंत्राची गुरगुर दारातून येत नव्हती, काहीच येत नव्हतं. आता तिथं जीव घेणारं काही उरलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी घाबरले. ते इतके स्थिर उभे होते की ते श्वास घेतायत का हेच कळेना. मी एक पाऊल पुढे सरकले. मग आणखी एक. नाक काचेला लागेपर्यंत, खांदा दाराला टेकेपर्यंत.

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, जरासं हसू असावं. चालत दाराशी आले आणि दांडी रेटली.

दार उघडलं नाही.

काचेपलीकडे अगदी माझ्यासमोर त्यांचा चेहरा होता. तो कसा झाला ते मी लिहू शकत नाही. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द मी ओळखला. ते 'अहो' म्हणाले होते.

तेव्हा कुठे मला समजलं की दार मीच अडवून उभी आहे. मी झटकन मागे झाले, दार धाडकन उघडलं, आणि साहेब बाहेर आले. दोघंही धापा टाकत होतो. मला रडू फुटलं. "माफ करा साहेब, मला भीती वाटली, तुम्हाला काही झालं असं वाटलं," मी म्हणत राहिले.

त्यांनी पट्ट्यांचा रुमाल काढला, सावकाश हात पुसले, एकेक बोट. मग नेहमीच्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "मॅडम, दारासमोर उभं राहू नये."

आणि निघाले. बोळ संपला की कचेरीचं मुख्य काचेचं दार आहे. त्यांनी ते ढकललं, आत ओढून घेतलं, पुन्हा ढकललं, आणि बाहेरच्या उन्हात गेले. मी खूप लांब होते. तरी भिंतीला लागून आणखी थोडी बाजूला झाले.